मी सध्या नेदरलँड्सला असतो

२ एप्रिल, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठं काम अंगावर घेणाऱ्यानं नोंदी ठेवाव्यात.
कालपासून मी नेदरलँड्सला आहे. म्हणजे बसलोय दुकानातच, जत तालुक्यात, स्टँडसमोर, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सच्या गाळ्यात. पण कॉम्प्युटरवर व्हीपीएन टाकलंय. आता इंटरनेटला मी तिकडून बोलतोय असं वाटतं. फुकटवाल्यात तीनच देश मिळतात. अमेरिकेत पाहुण्यांची पोरं आहेत, उगाच त्यांच्यावर नाव जायचं. जपान फार लांब. नेदरलँड्सला आपल्याकडचं चिटपाखरूही नाही. विचारपूर्वक निवडला.

३ एप्रिल
'जनतेचा आवाज' नावाचं पेज काढलं. पहिली पोस्ट टाकली. विषय टँकर. आमचे चुलते नाथाजीआण्णा माजी सरपंच, पण टँकर कुठं थांबायचा ते अजून तेच ठरवतात. आधी त्यांची द्राक्षबाग, मग गाव, उरलं तर बौद्धवस्ती. सगळं खरं लिहिलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.
शेवटी एक ओळ जोडली: 'तसेच आण्णांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक्केचाळीस शुभेच्छुकांचे फोटो असून इंद्रजितसारख्या हुशार व होतकरू तरुणाचा फोटो नाही, ही खेदाची बाब आहे.' तटस्थ माणसाचं मत म्हणून टाकली. शिवाय त्यामुळे माझ्यावर संशय येणारच नाही. स्वतःची स्तुती कोण स्वतः करतं?
बायकोला, राणीला, सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. माझ्या दिसत नाही.

४ एप्रिल, दुपारी
दोनशे बारा लाइक.
दुकानासमोर बुलेट थांबली की उठून मागच्या दाराशी जातो. तीनदा गेलो. तिन्ही वेळा झेरॉक्सवाले निघाले.
नवीनच अडचण. सातबाऱ्याची साइट उघडत नाही. परदेशातून चालत नाही म्हणे. बँकेचंही तेच. व्हीपीएन बंद करावं तर सापडेन, चालू ठेवावं तर धंदा बंद. 'सर्व्हर डाऊन' अशी पाटी लावली. जाहिराती मात्र तिकडच्या भाषेत येतात. सायकली आणि चीज.

५ एप्रिल
आण्णा स्वतः आले. खुर्ची ओढून बसले. गाळा त्यांचाच आहे, भाड्याची गोष्ट कधी काढत नाहीत, आजही काढली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "इंद्रजिता, गावात काम्पुटर कळतंय ते तुला एकट्याला. त्यो पेजवाला हुडकून काड. मग बघतो त्याला."
मी बरं म्हणालो. आवाज स्थिर होता. चहा सांडला तो कप गरम होता म्हणून.

६ एप्रिल
काल जेवण गेलं नाही. आज ताप आहे असं वाटतं. थर्मामीटर नाही म्हणतो.
विचार केला. मलाच मला शोधायला सांगितलंय, म्हणजे तपास माझ्या हातात. याहून सुरक्षित काय? उद्या आण्णांना पुरावा दाखवायचा आणि विषय संपवायचा.

७ एप्रिल, संध्याकाळी
दाखवला. पेजच्या माहितीत लिहूनच येतं: चालवणारा नेदरलँड्समध्ये. आण्णा बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले, मग माझ्याकडं. मग म्हणाले, "मुक्ताबायची अक्षता तिकडंच शिकाया गेलीया न्हवं?"
मुक्ताबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत, बौद्धवस्तीत राहतात. अक्षता त्यांची मुलगी. शेतीचं मोठं शिक्षण घ्यायला गेली गेल्या वर्षी. स्कॉलरशिपचा फॉर्म मीच भरला होता. देशाच्या रकान्यात नेदरलँड्स मीच निवडलं होतं. पेढेही खाल्ले होते. कसं विसरलो?
तोंड उघडून नाही म्हणायला हवं होतं. आण्णा उठले तेव्हा मी दारापर्यंत सोडायला गेलो.

८ एप्रिल
टँकर बौद्धवस्तीवर थांबला नाही. ड्रायव्हर म्हणाला, वरून सांगितलंय. चाळीस घरं.
उद्या आण्णांना सगळं सांगणार. ठरलं.

९ एप्रिल
आण्णा जतला गेले होते. परवा सांगेन.
व्हीपीएनवर देश बदलून जपान केला. त्यानं कुणाचंच काही बदललं नाही.

१० एप्रिल
मुक्ताबाई दुकानात आल्या. अधूनमधून येतात, मोठ्या स्क्रीनवर लेकीशी बोलायला. मी टेबलाखाली वायर बघत बसलो. बराच वेळ. अक्षता तिकडून म्हणाली, "दादा, टेबलाखाली काय हाय? बाहेर या की. तिकडं पाणी आलं का?" मी नेटवर्क गेलं असं म्हणून प्लग काढला. असलं कधी केलं नव्हतं. लाज वाटली. खूप लाज वाटली.
जाताना मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या, "चौदाला जयंती हाय, दादा. साऱ्या वस्तीचं ज्येवान आसतंय. पाणी न्हाई." मी म्हणालो, बघतो.

११ एप्रिल
राणी पहाटेपासून आमच्या हौदातलं पाणी हंड्यानं वस्तीवर नेतेय. सहा खेपा. का नेतेस विचारलं. म्हणाली, "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" मी नाही म्हणालो. तिनं चुंबळ उचलली आणि गेली. सातव्या खेपेनंतर म्हणाली, जयंती झाली की चार दिवस वडूजला माहेरी जाते.
हिला काही कळलं असेल का? शक्यच नाही.

१२ एप्रिल
आनंदाची बातमी, पण भीतीच वाटतेय. आण्णा यात्रेच्या फ्लेक्सचा नमुना घेऊन आले. पहिल्या ओळीत माझा फोटो! आण्णांच्या फोटोला लागून, कोट घातलेला. खाली 'हुशार व होतकरू'. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं न्हवं मनासारखं? आता गप ऱ्हायाचं. आन् पेजवाली कोन हाय, ती हालंडातच ऱ्हाऊ दे."
म्हणजे संशय अजिबात नाही. उशिरा का होईना, गुणांची कदर झाली. 'हुशार व होतकरू' हे शब्द त्यांनाही नेमके सुचले, हे विशेष.
फ्लेक्स वस्तीच्या वळणावर लागणार आहे. तिथं हंडे घेऊन बाया थांबतात.
जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, सकाळी ११
राहवलं नाही. वस्तीवर गेलो. फ्लेक्स लागला होता, त्याच्याकडं बघितलं नाही. बायांनी माझ्याकडं बघितलं.
मुक्ताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं: पेज माझं, अक्षताचा काही संबंध नाही, आण्णांची भीती वाटते, गाळा त्यांचा आहे.
त्या म्हणाल्या, "ठाव हाय की."
कधीपासून, विचारलं.
"त्यात तुमच्या फोटूचं लिवलं हुतं न्हवं? तवापास्नं. साऱ्या गावाला ठाव हाय. आण्णांला बी ठाव हाय. अक्षता म्हनली, दादा सांगतील, थांब आई. म्हनून थांबलू आमी."
सहा दिवस. चाळीस घरं. माझ्यासाठी थांबली होती.
त्यांनी घरातून कागद आणला. तहसीलदारांना टँकरचा अर्ज. खाली सदतीस सह्या आणि अंगठे. सगळ्यात वरची जागा कोरी. म्हणाल्या, बागेत टँकर जातो हे आण्णांच्या घरातल्या माणसानं लिहिलं तर ऐकतील.
सही केली. पुढं रकाना होता: पूर्ण पत्ता. तिथं हात थांबला.
"लिवा की, दादा. कुटं ऱ्हाता ते सांगाया काय हुतंय?"
लिहिलं. गाव, तालुका जत, जिल्हा सांगली. हात इतका थरथरत होता की एक अक्षर लागेना. तेवढाच जिवाला आधार वाटला, की कुणाला वाचताच येणार नाही.
मुक्ताबाईंनी चष्मा लावला आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. नाव, गाव, तालुका, जिल्हा. एकही अक्षर चुकलं नाही.