बादल्या की कंटेनर

३ मार्च, सोमवार

ठरलं! रायापूरच्या जागेत मी आणि अक्का भाजी पिकवणार. मातीशिवाय — हायड्रोपोनिक. घरापुरती नाही, विकायला!

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून चार वर्षांपूर्वी दोन्ही भावांनी भांड्यांचं दुकान वाटून घेतलं. तेव्हापासून हे आणि भावजी एकमेकांशी बोलत नाहीत. रायापूरची जागा मात्र वाटता आली नाही. एकानं वापरली की दुसरा हरतो. म्हणून तिथे नुसतं गवत.

आम्ही दोघींनी मागितली, तर दोघांनी लगेच दिली. 'तुला देतोय, त्याला नाही,' असं दोघांनीही आपापल्या घरी बजावलं.

आता फक्त पद्धत निवडायची. आठवड्याचं काम.

७ मार्च

आठवड्याचं काम नाही.

अक्काला बादल्या हव्यात. बादलीत नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात एक वेल, वरून ठिबकनं खताचं पाणी, उरलेलं तळाच्या नळीतून परत टाकीत. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची. यांच्या कानावर गेलं. 'दादाला काय, बादल्याच विकल्या जन्मभर!' आणि लगेच मोबाईल माझ्या नाकासमोर. जहाजावर असतो तसला लोखंडी कंटेनर. आत एसी, जांभळे दिवे, भिंतभर लेट्यूस. 'याला सिस्टीम म्हणतात!'

माझं काहीच मत नव्हतं. आता मी कंटेनरच्या बाजूची आहे म्हणे.

११ मार्च

भावजींचा निरोप, अक्कामार्फत: 'त्याला विचार, हुबळीत लेट्यूस कोण खातं?'

यांचा जबाब, माझ्यामार्फत: 'त्याला सांग, जग बदललंय.'

भावजी: 'जग बदललं असेल. खानावळीत भाकरीबरोबर काकडीच देतात.'

हे: 'म्हणूनच खानावळ तिथेच राहिली!'

अक्का फोनवर हसत सुटली. मीही. भाजी पिकायच्या आधीच आम्ही दोघी टपालखातं झालो.

यांनी आयुष्यात तुळशीला पाणी घातलेलं नाही. आज जेवताना पाण्याचा आंबटपणा किती हवा ते मला समजावलं. आमटीत मीठ नव्हतं, ते कळलं नाही!

१६ मार्च, रविवार

अक्काच्या गाडीतून कित्तूरच्या अलीकडे हणमंत म्हणून एक जण आहेत, त्यांची बादल्यांची बाग बघून आलो. दोघीच. काकडीचे वेल दोरीवर पार छतापर्यंत चढलेले. मुळांनी नळ्या तुंबतात, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापतं, बोअरचं पाणी जड म्हणून आधी गाळून घ्यावं लागतं — सगळं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. 'सोपं आहे असं सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका अक्का,' म्हणाले.

येताना गाडी कडेला लावून काकड्या खाल्ल्या. अक्का एकदम म्हणाली, 'मालू, लग्नानंतर मी स्वतःहून ठरवून कुठे आले असेन, तर आजच.' मी दुसरी काकडी घेतली.

मनातून मी पक्ष बदलला. घरी सांगितलं नाही.

३० मार्च

पाडवा. यंदाही दोन घरं, दोन गुढ्या, दोन पातेली श्रीखंड. देवासमोर नेहमीचंच मागणं — या दोघांना बोलू दे.

५ एप्रिल

लिहून टाकते.

कंटेनरवाल्या कंपनीचा रोहित. सप्तापूरला एका बंगल्याच्या आवारात त्यांचा नमुन्याचा कंटेनर आहे. या मुलाला आमच्या घरची कथा काय माहीत! जागा दोघांची, म्हणून त्यानं 'दोन्ही सरांना' एकाच वेळी बोलावलं. फाटकातच दोघं समोरासमोर, आम्ही दोघी मागे. माघार कोण घेणार? हे कौतुक करायला आत गेले, भावजी खोड काढायला. रोहित फोन घ्यायला बाहेर आला, दार आपोआप लागलं.

आणि वीज गेली.

दाराचं कुलूप विजेवरचं. आतून उघडायची कडी अजून बसवायची होती म्हणे. 'किल्ली आहे मॅडम,' रोहित म्हणाला. 'बेंगळूरला.'

अक्का पांढरीफटक पडली. भावजींना रक्तदाब. रोहित इलेक्ट्रिशियनला फोन करत सुटला. मी पत्रा बडवला, हाका मारल्या — आतून काही नाही. मग भावजींचा आवाज आला. 'श्री, श्वास नीट येतोय ना रे तुझा?'

श्री! चार वर्षांत 'तो' सोडून दुसरं नाव नव्हतं.

'येतोय. तू बस आधी, दादा. भिंतीला टेक.'

मग बराच वेळ नुसती कुजबुज. मग हसणं! आम्ही दोघी उन्हात, तापलेल्या पत्र्याला कान लावून, घळाघळा रडत होतो. रोहितला वाटलं आम्ही तक्रार करणार.

इलेक्ट्रिशियननं कुलूप खोललं तेव्हा दोघं घामानं निथळत बाहेर आले. भावजींच्या हातात लेट्यूस. 'नुसता पाला आहे रे.' हे म्हणाले, 'हो की!'

६ एप्रिल

भावजी आमच्याकडे जेवले. जोंधळ्याची भाकरी, एण्णगायी म्हणजे भरली वांगी, काकडी. हे त्यांना वाढत होते. मी आत जाऊन पुन्हा रडले. देवा, भरून पावले.

१४ एप्रिल

दोघांनी आम्हाला समोर बसवलं. चेहरे उजळलेले. दुकान पुन्हा एक होणार. रायापूरला, हमरस्त्यालगत, मोठी शोरूम. पाटीवर दोन्ही नावं एका ओळीत.

'आणि आमची भाजी?' मी विचारलं.

भावजी किती मायेनं म्हणाले! 'अगं, ते गच्चीवर करा की. चार कुंड्या आणून देतो.'

'बादल्याही देतो,' हे म्हणाले. दोघं खो-खो हसले. इतकं प्रेमानं की रागावताही येईना.

भांडत होते तोवर जागा आमची होती. मीच मागितलं होतं ना देवाकडे — बोलू दे म्हणून! बोलले.

अक्का एवढंच म्हणाली, 'आयतु.' झालं, म्हणजे. आणि चहाचे कप उचलले.

१५ एप्रिल

अक्काचा फोन नाही. मीही केला नाही.

१८ एप्रिल

अक्का स्वतःच आली. चप्पल न काढता म्हणाली, 'गाडीत बस. अळणावरला जायचंय.'

'कशाला?'

'बस म्हटलं ना!'

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सकाळी रायापूरला शोरूमचा नारळ फुटला. आम्ही तिथे नव्हतो. अळणावर रस्त्याला, अक्कानं त्या दिवशी दाखवलेल्या राधाबाईंच्या शेतात होतो — विहीर आहे, वीज आहे, पाच वर्षांचा भाडेकरार. सह्या अक्काच्या आणि माझ्या. बादल्या घ्यायचं पक्कं केलं. कुणाला विचारलं नाही.

दुपारी फोन वाजला. दोन्ही भाऊ एकाच फोनवरून ओरडत होते — 'अगं, कुठे आहात तुम्ही?'

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, 'आमच्या जागेत.'