सालोमेची खूण

२ सप्टेंबर, सोमवार

जागा मिळाली! तीही दिवसभराची! सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. जेवण तिथेच, झोपही तिथेच. बेतीचा फोन आला तेव्हा मी सार्डिन साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, तसाच फोन कानाला लावला तर कानालाही खवले. "आई, सालोमेला घेतलं गं बालवाडीत!" लेक तिकडून ओरडते, मी इकडून ओरडते. शेजारच्या झुल्मिराला वाटलं कोणी बुडालंबिडालं. धावत आली.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही गेलं! सालोमे बालवाडीत चालली!"

"एवढंच? मी सूप गॅसवर टाकून आले की!"

अशी ही झुल्मिरा. पण सूप करपू दिलं आणि बसली माझ्याकडे गप्पा मारत.

सालोमे टेबलाखाली मांजराशी बोलत होती. मांजराशी बोलते, माझ्याशी बोलते, आईशी बोलते. बाकी जगाशी नाही. तीन वर्षांची पोर, घरात नुसती चिवचिव, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. बेकरीवाल्याला तर ती मुकीच वाटते, वर एक बिस्कीट जास्त देतो दया येऊन. म्हणून तर दवाखान्यातली नर्स म्हणाली, हिला मुलांत सोडा, दिवसभर सोडा, घरात ठेवू नका. घरात म्हणजे माझ्याकडेच ना! पण बाई बोलली ते खरं आहे.

आणि बेतीची नोकरी. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात, पक्की, ऑक्टोबर लागला की सुरू. आजवर नुसतं उन्हाळ्यापुरतं काम — हॉटेलात चादरी बदल, पाहुणे गेले की घरी बस. जावई मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, महिनोन्‌महिने तोंड दिसत नाही. बेतीने सांगून टाकलंय — "ती तिथे दिवसभर रमली तरच मी जाईन, आई. कोपऱ्यात बसून रडणार असेल तर नकोच. नाही म्हणून कळवेन." असं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी आई आहे तिची. तिला ती नोकरी किती हवी आहे ते मला कळतं.

तर आता पोरीला तयार करायचं. कसं ते मला विचारा! मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, बालवाडी तर आमच्या वेळी नव्हतीच.

३ सप्टेंबर

गुंड्या. बालवाडीचा चौकडीचा झगा असतो ना, कपड्यांवरून घालायचा, त्याच्या गुंड्या पुढून आहेत. पोरांनी आपल्या आपण लावायच्या. सालोमे माझ्याच स्वेटरवर शिकतेय. मी खुर्चीत, ती पुढ्यात, जीभ बाहेर काढून. दुपारी तशीच बाजारात गेले. कोळीण माझ्याकडे बघून का हसते, कळेना. घरी येऊन आरशात पाहिलं — एक बाजू गुडघ्याकडे, एक हनुवटीकडे! पण लावल्या होत्या सगळ्या. एकही सोडली नव्हती.

५ सप्टेंबर, गुरुवार

आर्मिंदाताई भेटली चर्चपाशी. बालवाडीत मदतनीस आहे ती, पोरांची नाकं पुसणारी. घाईत होती, चालता चालता ओरडली, "आजी, तुमच्या सालोमेची खूण ओरीसु आहे बरं! झग्यावर, पिशवीवर, चादरीवर, सगळ्यावर काढून आणा!"

पोरांना वाचता येत नाही ना अजून, म्हणून प्रत्येकाला एकेक चित्र देतात. खुंटीवर तेच, पेल्यावर तेच. कोणाला चेरी, कोणाला गोगलगाय. आणि आमच्या सालोमेला ओरीसु!

मला इतका आनंद झाला! बालवाडीच्या बाईंना कसं कळलं असेल? अगं, ओरीसु म्हणजे तर आमच्या घरचाच! समुद्रात खडकाला चिकटलेला, काळा, गोल, अंगभर काटे. तिसरी झाली आणि बापाने मला ओहोटीला खडकांवर पाठवलं ते ओरीसु काढायलाच. फडक्यात धरायचा, सुरीने उचकटायचा, फोडला की आत केशरी गाभा, चांदणीसारखा. पावाला लावून खायचा. माझ्या नवऱ्याने मागणी घातली तीही ओरीसुंची बादली घेऊन. काटे टोचून बोटं सुजली होती मेल्याची.

शाळेत जातानाही पोर समुद्र घेऊन जाणार!

७ सप्टेंबर, शनिवार

काळा दोरा संपला. जांभळा घेतला. जांभळाच बरा दिसतो, खरा ओरीसु उन्हात धरला की जांभळाच दिसतो.

झुल्मिरा आली. "काय चाललंय?"

"ओरीसु काढतेय."

"या वयात? खडकावरून पडशील!"

"कापडावर काढतेय गं बाई, कापडावर!"

मग चष्मा लावून बघितलं. "हा ओरीसु? मला वाटलं शाई सांडली."

हाकलून दिलं. मग परत बोलावलं, कॉफी केली होती.

सालोमेला दाखवला. बोट फिरवलं काट्यांवरून. "टोचत नाही!" म्हणाली. मग मांजराला दाखवायला गेली.

८ सप्टेंबर

झोपेचा सराव. बालवाडीत जेवल्यावर छोट्या खाटांवर झोपवतात, अंधार करून. मी जमिनीवर गादी घातली, पडदे ओढले, म्हटलं, आता आपण बालवाडीत आहोत. डोळे मिट.

जाग आली तर मी गादीवर आणि सालोमे खुर्चीत बसून बिस्कीट खातेय. "आजी, तू शहाणी," म्हणाली, "लगेच झोपलीस."

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिला दिवस. आज नुसता तासभर, मोठ्यांनी बरोबर थांबायचं.

अरे देवा, काय फजिती!

फिलिपाबाई दारातच भेटल्या. कोवळी मुलगी आहे, आत डोंगराकडच्या गावातली, बोलणं तिकडचं, गोड. सालोमे माझ्या मांडीला गोचिडासारखी. "ये सालोमे, तुझी खुंटी बघू या," म्हणाल्या. गेलो. खुंटीवर चित्र होतं एका जनावराचं. टोकदार नाक, चार पाय, पाठीवर सुया आणि सुयांवर एक सफरचंद.

मी म्हटलं, "बाई, खुंटी चुकली. हा तर उंदीर आहे."

"उंदीर नाही आजी, ओरीसु!"

"हा ओरीसु?"

"हाच की! रानातला!"

मग मी झगा उलगडला. त्यांनी बघितलं. पिशवी बघितली. चादर बघितली — चादरीवर मी चार काढले होते, चार कोपऱ्यांना! आधी ओठ दाबले बाईंनी, मग हसूच फुटलं. डोळ्यांतून पाणी आलं. "आजी, आमच्या डोंगरात समुद्र कुठे हो! माझ्या डोक्यातच आला नाही हा!"

तर असं आहे. आमच्या भाषेत दोघांनाही एकच नाव! मी अडुसष्ट वर्षं काढली आणि रानात दुसरा ओरीसु हिंडतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकात पाहिलाय, पण त्याला कोण विचारतो? खायचा थोडाच! बेतीला संध्याकाळी विचारलं, तुला तरी कळायचं ना? म्हणाली, "मलाही समुद्रातलाच वाटला." तिलाही! आमचं सगळं खानदानच खारं.

सालोमे तासभरात एक शब्द बोलली नाही.

१३ सप्टेंबर

बाई म्हणाल्या, राहू द्या. पण मला राहवेना. पोर आधीच बोलत नाही, त्यात खूणही सगळ्यांहून वेगळी, हसतील तिला. कात्री घेऊन बसले उसवायला. सालोमेने पाहिलं. अशी किंचाळली की मांजर कपाटावर! "माझा ओरीसु! माझा!" झगा ओढून घेतला आणि अंगात घातला, घरातल्या कपड्यांवर, आणि तसाच घालून झोपली.

कात्री ठेवून दिली.

१६ सप्टेंबर, सोमवार

बोलली!!!

बोलली, बोलली, बोलली! फिलिपाबाईंनी फाटकापाशी सांगितलं, हात धरून. आता दुपारपर्यंत एकटी थांबते ती. तर जेवायला बसले सगळे, आणि शेजारची चेरी खुणेची पोरगी, फ्रेडेरिका, सालोमेच्या झग्याकडे बोट करून म्हणाली, "ई, हे काय? जळका पाव?" सगळी हसली. आणि आमची सालोमे — उभी राहिली! चमचा हातात! — "जळका पाव नाही! ओरीसु आहे! माझी आजी ओरीसु पावाला लावून खाते!"

सगळ्या वर्गासमोर. खणखणीत.

आर्मिंदाताई म्हणाली तिच्या हातातलं सूप सांडलं. मी तिथे फाटकातच आर्मिंदाताईला मिठी मारली. मग फिलिपाबाईंना. मग एका अनोळखी बापालाही मारली, तो मध्ये आला.

बेतीला फोन केला. ती काहीच बोलेना. म्हटलं, कट झाला का? "नाही आई," म्हणाली, "रडतेय."

१७ सप्टेंबर

आज फाटकापाशी बायका माझ्याकडे जरा विचित्र बघत होत्या. एकीने पोराला जवळ ओढून घेतलं. काय झालं कळेना. शेवटी आर्मिंदाताईने हसत हसत सांगितलं — अहो, निम्म्या पोरांना वाटलं, खुंटीवरचा तो रानातला! घरी जाऊन सांगितलंय की सालोमेची आजी त्या बिचाऱ्या सुयावाल्या प्राण्याला पावाला लावून खाते! फ्रेडेरिका तर रात्री जेवलीच नाही म्हणे, रडून.

मी रस्त्यात बसायचीच बाकी राहिले हसता हसता. झुल्मिराला सांगितलं तर म्हणते, "त्या सुया दातात अडकत नाहीत का गं तुझ्या?"

१९ सप्टेंबर

बाईंनीच सुचवलं. पहाटेच्या ओहोटीला गेले खडकांवर, समुद्राचं पाणी भरलेल्या बादलीत दोन ओरीसु घेऊन बालवाडीत हजर. पोरं गोल बसली. ओरीसु काटे हलवतो बघून किंचाळली. सालोमे बादलीशी उभी, पोलिसासारखी. "बोट लावायचं नाही. हळू. तो घाबरतो." किती बोलते! फ्रेडेरिकाने घाबरत घाबरत एका काट्याला बोट लावलं, मग मला विचारलं, "आजी, मग तो दुसरा तुम्ही नाही ना खात?"

"नाही गं राणी. शपथ."

आता तिची पक्की मैत्रीण. दोन्ही ओरीसु परत समुद्रात सोडले, सालोमेने तसं वचन दिलं होतं सगळ्यांना. माझं जेवण गेलं.

२० सप्टेंबर

सूप स्वतः संपवलं. चमच्याने. झग्यावर फक्त थोडं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

झोपेचं गाडं अडलंय. कालपासून जेवणानंतरही ठेवतात. बोलते, खेळते, जेवते, सगळं करते, पण पडदे ओढले की उठते, बूट घालते आणि दाराशी जाऊन बसते. काल मला फोन आला, आज परत आला. धावत गेले. खरं लिहू? खुशीतच धावले. माझ्या कुशीत शिरली, केसांना वर्गातल्या रंगाचा वास.

बेती संध्याकाळी आली, बसली, बूटही काढले नाहीत. "शुक्रवारी त्यांना कळवायचंय, आई. झोपत नसेल तर पाचपर्यंत कशी ठेवू? नाही म्हणून सांगते."

"थांब जरा," म्हटलं.

"किती थांबू?"



२५ सप्टेंबर

आज आर्मिंदाताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आजी, राग मानू नका. ती रडत नाही हो दाराशी. ती तुम्हाला बघते."

"मला? मी कुठे असते?"

"कुंपणापाशी असता! लिंबाच्या झाडामागे! तुम्हाला वाटतं झाड मोठं आहे?"

आता काय सांगू. असते खरी. सकाळी सोडते, वाटतं, जरा बघू रडते का. मग वाटतं, जेवते का बघू. मग घरी जाऊन तरी काय करायचं? मांजर आहे, झुल्मिरा आहे, पण घर एवढं गप्प असतं!

पोरीला वाटतं, आजी बाहेर उभी आहे म्हणजे आता निघायचंच आहे. मग झोपेल कशाला? बूट घालून बसते बिचारी. माझ्यासाठी बसते!

आर्मिंदाताई म्हणाली, "उद्या घरी जा. खरंच घरी."

२६ सप्टेंबर

गेले घरी. फाटकातून वळून बघितलं, पण गेले. सगळ्या चादरी धुतल्या, धुतलेल्याही धुतल्या. फोन टेबलावर ठेवून बसले. वाजला नाही. तासभर वाजला नाही. मग घाबरून मीच केला.

"झोपलीय," आर्मिंदाताई कुजबुजली. "घोरतेय. आणि फोन करू नका हो, जागी होईल."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बेतीने वृद्धाश्रमाला हो कळवलं.

सकाळी दारात डोळे भरून आले. माझे. सालोमेने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडायचं नाही, आजी. घरी जा, जेव, झोप. मग मी येते तुला घ्यायला."

गेले. जेवले. झोपले. आणि पाच वाजून गेल्यावर आली की! बेतीचं बोट धरून, थेट माझ्या दारात — "चल आजी, निघायचं!"

मी माझ्याच घरात होते. तरी उठले, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.