व्हान डाइक कोणाकडे जाईल

मी, लखू मोतीराम मिराशी, शेतकरी, राहणार बाजारकुणंग, तालुका जोयडा, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, अक्कल शाबूत आहे. थोरला भाऊ बाबुराव वेगळं सांगेल, ते धरू नये.

१. घर, भातशेती आणि बँकेतली शिल्लक मुलगी राखीला. कोयते, नांगरही तिलाच. जावयाने ते हातात धरून नुसते फोटो काढू नयेत.

२. बांधावरचा फणसही राखीला. तो माझाच आहे, हे पुन्हा नमूद करतो. त्याच्यावरून बाबुरावने अबोला धरला आणि आपल्या कुत्र्याचं नाव लखू ठेवलं. रोज संध्याकाळी बांधापलीकडून हाक यायची, "लखू, ये, भाकरी खा."

३. आमच्याकडे कुत्रा आला तेव्हा मी त्याला बाबुराव म्हणणार होतो. पण त्याला खायला घालणार माझी बायको फुला, आणि थोरल्या दिराचं नाव ती कसं घेणार? मोती म्हणावं तर सासऱ्याचं नाव. राजा म्हणावं तर चुलतसासरे राजाराम. "माझ्या तोंडाला चालंल असं नाव ठेवा, न्हाईतर कुत्रा उपाशी ऱ्हाईल," ती म्हणाली. तेव्हा जंगलात धनेश पक्षी बघायला आलेला हॉलंडचा पाहुणा आमच्याकडे उतरला होता. त्याचं आडनाव व्हान डाइक. फुलाच्या सासरी या नावाचं कुणी असणं शक्य नव्हतं. पाहुण्यानेही खुशीने होकार दिला. फुला शेवटपर्यंत कुत्र्याला पूर्ण नावाने हाक मारायची. माझं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही.

४. फुला गेली. मागच्या वर्षी बाबुरावचा कुत्राही गेला. "लखू गेला" म्हणून तो रडला, तेव्हा गावातली माणसं माझ्या दारात येऊन बसली. मीच त्यांना चहा केला. गावात मला सगळे मामा म्हणतात, राखी बाबा म्हणते. बांधापलीकडची ती हाक बंद झाल्यापासून माझं नाव कुणी घेत नाही. तेव्हा राग यायचा, आता करमत नाही.

५. म्हणून माझ्यामागे व्हान डाइक बाबुरावला द्यावा. नाव जड वाटलं तर त्याने त्याला लखू म्हणावं, माझी हरकत नाही.

६. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात. हा कुत्रा चपला खातो. याला मिळणं म्हणता येणार नाही.

स्थळ: बाजारकुणंग. दि. ९ फेब्रुवारी २०२५.

सही: लखू मोतीराम मिराशी

साक्षीदार:
परशुराम गावडा, शेजारी
बाबुराव मोतीराम मिराशी. वाचून सही केली. कुत्र्याचं नाव हाय तेच ऱ्हाऊ दे. लखू, सांजचं जेवायला ये.