गालावरचं बोट

ता. १२, बुध.
आज वहिनींना खुर्चीत बसायला शिकवलं. बाई बसतातच अशा की आत्ता उठून कुणाच्या तरी अंगावर जातील. दादा गेल्यापासून लाँचचा धंदा त्याच बघतात, खलाशांवर ओरडून ओरडून आवाजही तसाच झालाय. शनिवारी लोकल केबलवर आमच्या वॉर्डातल्या दोघी उमेदवारांची समोरासमोर चर्चा. एक आमच्या वहिनी, दुसरी वकीलबाई. ती कधी आवाज चढवत नाही.
मी पोरांना शिकवून शाळेला वक्तृत्वाच्या एवढ्या ढाली आणून दिल्या, हेही जमेल. खुणा शाळेतल्या जुन्याच. मी पहिल्या रांगेत बसणार. कानाला हात म्हणजे आवाज खाली. गालाला बोट म्हणजे हसायचं.

ता. १४, शुक्र.
तालीम. मी वकीलबाई झाले आणि वाट्टेल ते बोलले. वहिनींनी टेबलावर असा हात आपटला की आईचे निवडलेले सोडे खाली. आई हसून बेजार.
वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मला राग आला की मगच खरं बोलता येतं."
म्हटलं, टीव्हीवर रागावला तो संपला. पुन्हा, पुन्हा करून घेतलं. शेवटी बोट बघितल्याबरोबर हसल्या. शाबास म्हटलं. फार खूश होते मी.

ता. १५, शनि.
लिहवत नाही, तरी.
सुरुवात झकास. वहिनी ताठ, शांत, हात मांडीवर. गटारं, नळाचं पाणी, बंदराच्या रस्त्यावरचे दिवे, सगळं मुद्देसूद. मग वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "बंदरावर वादळाचा बावटा लागलेला असताना लाँच बाहेर काढायची आणि मग सहानुभूतीवर मतं मागायची, हे बरं नाही."
बावटा लागल्यावर दादा गेला तो अडकलेल्या दुसऱ्यांच्या होडीला ओढून आणायला. होडीतली माणसं आली, दादा नाही. अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. वहिनींनी एवढंच सांगायचं होतं. चेहरा लाल झाला, हात मांडीवरून उठला
आणि मी गालाला बोट लावलं.
हसल्या.

ता. १६, रवि.
तेवढाच तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर. मासळी बाजारात कुणी वहिनींना काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.
आई घरी बघत होती. आज जेवताना म्हणाली, "माझ्या पोराचं नाव काढलंन, नि ही हसली?"
वहिनी भात वाढत राहिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या. मीही गप्प.

ता. १७, सोम.
आई वहिनींच्या हातचं खात नाही. वेगळी पेज करून घेते. प्रचाराच्या बायाही कमी झाल्या.
सारखं तेच डोक्यात. सख्ख्या भावाचं नाव निघालं तेव्हा मला रडू फुटायला हवं होतं. मला दिसलं काय, तर वहिनींचा हात उठलाय, मार्क जाणार. लाज वाटते.

ता. १८, मंगळ.
सकाळी आईला सांगितलं. वहिनी आपल्या मनाने हसल्या नाहीत, मी हसवलं.
"तू?" एवढंच म्हणाली. सूप हातातच.
दुपारी वहिनींनी वाढलेलं जेवली. माझ्याशी बोलत नाही. सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

ता. २०, गुरु.
उद्या केबलवाले दोघींना शेवटचं बोलायला बोलावतायत. काय बोलणार, वहिनींना विचारलं. "तिथे बसल्यावर बघू," म्हणाल्या. आईने शेजारणीला विचारलं म्हणे, कार्यक्रम किती वाजता लागतो.
मी म्हटलं, मी काही येत नाही, तुमचं तुम्ही बोला.
वहिनी बाजाराला निघाल्या होत्या. चपला सरकवत म्हणाल्या, "वन्सं, या तुम्ही. समोरच बसा. फक्त हात पदराखाली ठेवा."
रागाने म्हणाल्या की थट्टेने, कळलं नाही. चेहरा वाचता येऊ नये हेही मीच शिकवलंय.
मी एरवी ड्रेसच घालते. कपाटातून एक साडी काढून ठेवलीय. जाईन की नाही, अजून