कुत्र्याला म्हणे ‘अहो’!

मंगळवार, ४ तारीख

कुत्रा आणला! या विसराळू म्हाताऱ्यांच्या घरात माणसं सांभाळायला माणसं पुरत नाहीत, आणि कुत्रा आणला! म्हणे, त्याच्या संगतीनं पेशंट बोलते होतात.

बायको इथं आहे, मी रोज भेटायला येतो; आठ महिने माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. कुत्र्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं मात्र — “अहो, किती उशीर! जेवलात का?”

बेचाळीस वर्षं माझं असलेलं ‘अहो’ — कुत्र्याला! शेजारच्या खाटेवरच्या आजी हसून हसून खोकल्या. कुत्रेवाल्या बाई म्हणतात, “काका, बोलल्या हे महत्त्वाचं.” तुमचं काय जातं म्हणायला!

शुक्रवार, ७

संत्रं सोलून मी दिलं. हिनं त्याला भरवलं. “दमलात हो,” म्हणाली. त्याला!

शनिवार, ८

काल हात धरायला गेलो तर हिनं हिसडा दिला. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याचा ओरखडा तिच्या मनगटावर उठला. आज सिस्टरनं विचारलं, “हे कशानं?”

म्हटलं, “कुत्र्यानं.”

तक्रारवही पुढे आली. चौथी शिकलेला माणूस मी, दोन ओळींना अर्धा तास लागला. पण लिहिल्या!

मंगळवार, ११

कुत्रा नाही. बरी खोड मोडली. ही दाराकडे बघत बसली.

शुक्रवार, १४

हिनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. सिस्टर म्हणतात, नख लागल्याची एक तक्रार आली की कुत्र्याचं काम कायमचं बंद. नियम म्हणे! एवढ्याशा ओरखड्यासाठी? एक म्हातारा काहीतरी खरडतो आणि ही शिकलेली माणसं खरं धरतात! खोदून विचारायला काय झालं होतं?

सोमवार, १७

शेवटी वही मागितली. लिहिलं — ओरखडा माझ्या घड्याळाचा. कुत्र्याची चूक नाही.

सिस्टरनं वाचलं. “काका, लाज नाही वाटली?”

वाटली. म्हणूनच तर ओरडलो त्यांच्यावर — “हवं तर मला दारात उभं करू नका, पण त्याला येऊ द्या!”

शुक्रवार, २१

कुत्रा आला. मी दाराबाहेरच थांबलो. ही त्याच्या कानाशी लागली —

“अहो, ते म्हातारे रोज येतात. कुणी नसावं बिचाऱ्यांना. आत बोलवा ना.”