भस्माची बाजू

३ मार्च २०२५
पॅनेल टिकलं! वाळूची पोती रचली, वर मी आणि बायको, शिवकन्या, चढून बसलो. वाकलं, तुटलं नाही. पत्र्याचं दुकान सोडून तारेची जाळी अन् सिमेंट थापायला लागलो तेव्हा सगळं माजलगाव हसलं — 'सोमलिंगशेठ पापड करायलाय!' करायलोय बे. ह्याच पापडाचं छत होणार.

९ मार्च
छत टाकून बघायला कुणीच घर देईना. शेवटी केशरआक्का पुढं आली — माझी थोरली बहीण, एकटी राहती. 'माझे पत्रे काढ, तुझं छत टाक. पडलं तर तुझ्याच नावानं रडीन.' हसलो.

१६ मार्च
पॅनेलं गाडीत चढली. शिवकन्यानं एकेकावर भस्माचे तीन पट्टे ओढले, वरच्या अंगाला. खूण आयतीच झाली! दाट जाळी खालच्या अंगाला असते, वजन तीच पेलते. उलटं बसवून चालत न्हाई.
बोल्ट आणायला बीडला गेलतो. येईस्तोवर गहिनीनाथ मिस्त्रीनं छत बसवून वर कोबासुद्धा केलेला. अंधार पडलेला. खालूनच शाबासकी दिली अन् घरी आलो.

१९ मार्च
आक्काकडं जेवायला. घास तोंडात — वरून बारीक 'कट्'. पुन्हा 'कट्'. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं न्हाई. वर बघितलं — भस्माचे पट्टे! आतून! मधल्या पॅनेलला केसाएवढी भेग.
गहिनीनाथ म्हणतो, 'इबुतीवर पाय पडू द्यायचा व्हय मालक? म्हणून भस्माची बाजू खाली केली.'
कोणती बाजू वर, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं.

२० मार्च
टेकू दिले. क्रेन सोमवारी. सगळं उतरवून सुलटं करायचं. तोवर आक्का आमच्याकडं, तोंड फुगवून. 'शनिवारी पाहुणे येणार घर बघायला. भावानं बांधलेल्या घराला टेकू! लई शोभतंय!'

२१ मार्च
पाठ टेकली की 'कट्' ऐकू येतं. ह्या घराला तर जुना स्लॅब हाय.

२२ मार्च
आक्का गुपचूप घरी गेली. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून टेकू काढायला. मधलं पॅनेल खाली आलं, तिच्या पायावर.

२३ मार्च
पाय राहत न्हाई म्हणले डॉक्टर. आक्कानं माझा हात धरला. 'तुझं नाव येऊ देऊ नको रे. आत्ता कुठं धंदा उभा राहायलाय.'
बाहेर सगळी गल्ली जमलेली. 'कसं काय झालं शेठ?'
'मिस्त्रीनं उलटं बसवलं,' म्हणालो.
गहिनीनाथ तिथंच उभा होता.