निखिलच्या खांद्यावरचा हात

शनिवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज सकाळी ऑफिसात सरांनी सगळ्यांसमोर निखिलच्या खांद्यावर हात ठेवला. "याने वाचवलं आपल्याला!" डोक्यातून जातच नाहीये.

अरे, पण वाट लावली कोणी? आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीवर जे होतं ते दुसरीवर आपोआप होतं. म्हणून पॅच, म्हणजे सिस्टिममधली नवी दुरुस्ती, टाकण्याआधी एक डिस्क वेगळी करायची, म्हणजे पॅच बिघडला तरी जुनी सिस्टिम तिच्यावर शाबूत. निखिलने ती वेगळी केलीच नाही. पॅच बिघडला आणि दोन्ही एकदम गेल्या. मग काल दिवसभर धावपळ करून सगळं परत उभं केलं, आणि झाला हिरो!

दुपारी दुसऱ्या सर्व्हरवर पॅच टाकायची पाळी माझी. डिस्क वेगळी करताना थांबलो. नाही केली तर? पडू दे बंद. मग मीही वाचवतो, माझ्याही खांद्यावर... छे. केली वेगळी. पॅच टाकला, रीस्टार्ट केला, सर्व्हर मुकाट चालू झाला.

"झालं सर," सांगितलं.

"बरं. मग तो प्रिंटर बघ ना जरा."

सरांचा हात माऊसवरून हललासुद्धा नाही.